बालदीतला समुद्र

समुद्रावर बोला, असं आकाशवाणीच्या अधिकाऱ्यांनी मला सांगितलं, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा कविता असाव्यात. कोकणातला कवी, त्यात खलाशाचा मुलगा. म्हणजे गाज, गलबतं आणि विरह आलाच. मी म्हटलं, मला पाण्याविषयी बोलायचंय. समुद्राच्या पाण्यात नेमकं काय असतं, ते माणसाला कसकसं कळत गेलं आणि त्या पाण्याच्या गुणदोषांवर आतल्या जिवांचं जगणं-मरणं कसं अवलंबून असतं, त्याविषयी. ते जरा थांबले. त्यांचं थांबणं रास्त होतं. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस, रसायनशास्त्राशी माझा संबंध दहावीनंतर सुटला. तेव्हा जे सांगतो आहे ते वाचून, जाणकारांना विचारून गोळा केलेलं आहे.

पण या विषयाची ओढ मला पुस्तकातून लागली नाही. ती लागली एका बालदीमुळे.

माझे वडील मालवाहू जहाजांवर डेकवरचे खलाशी होते. वर्षातून एकदा घरी यायचे, कधी दीड वर्षानंही. अंगणात बसले की जहाजावरच्या गोष्टी सांगत. त्यातली एक अशी की, काही जहाजांवर ठरलेल्या वेळी कॅनव्हासची बालदी दोरीनं समुद्रात सोडायची, पाणी वर ओढायचं, अधिकाऱ्यानं त्यात थर्मामीटर बुडवायचा, आकडा वहीत लिहायचा आणि पाणी पुन्हा समुद्रात ओतायचं. हे कशासाठी, ते त्यांना कोणी सांगितलं नाही. बाबा हसून म्हणायचे, “सायबाला बघायचं असायचं, समुद्राला ताप आलाय काय!”

त्या बालदीचा इतिहास मला फार उशिरा कळला.

समुद्र वरच्या वर खारट आणि तळाशी गोडा, असं मानणारे विद्वान युरोपात सतराव्या शतकापर्यंत होते. सूर्याच्या उष्णतेनं वरचं पाणी खारट होतं, अशी ती जुनी उपपत्ती. रॉबर्ट बॉइल यांनी 1674 साली समुद्राच्या खारटपणावर एक निबंध छापला आणि तळाचं पाणीही खारटच असतं असं दाखवून दिलं. पुढे 1819 मध्ये लंडनमधले एक डॉक्टर, अलेक्झांडर मार्सेट यांनी निरनिराळ्या समुद्रांचं पाणी तपासून एक मोठी गोष्ट सांगितली. मीठ कुठे जास्त असेल, कुठे कमी. पण त्यातल्या घटकांचं आपसातलं प्रमाण सगळीकडे जवळपास सारखंच असतं. (यांच्या पत्नी जेन मार्सेट यांनी रसायनशास्त्रावर सोपं संवादरूप पुस्तक लिहिलं होतं. बुकबाइंडरकडे उमेदवारी करणाऱ्या मायकेल फॅरडे यांना विज्ञानाची गोडी लागली त्यात त्या पुस्तकाचा मोठा वाटा. नवऱ्यापेक्षा बायकोचं काम मोठं ठरलं, असं म्हणायला हरकत नाही.)

आज आपण सांगतो की, एक किलो समुद्राच्या पाण्यात सरासरी 35 ग्रॅम क्षार असतात. त्यात निम्म्याहून अधिक क्लोराइड, जवळपास एक तृतीयांश सोडियम, आणि उरलेल्यात सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम. आपला अरबी समुद्र जरा जास्त खारट, 36च्या आसपास, कारण इथे पाण्याची वाफ जास्त होते आणि नद्या मानानं कमी. बंगालच्या उपसागरात गंगा-ब्रह्मपुत्रा ओततात, म्हणून तो कमी खारट. मिठागरात ज्यांनी काम केलंय त्यांना हे घटक वेगळे ओळखू येतात. पाणी आटत गेलं की आधी चुन्याचे क्षार खाली बसतात, मग मीठ धरतं आणि शेवटी उरतं ते कडू पाणी. तो कडवटपणा मॅग्नेशियमचा.

यापुढचं पाऊल टाकलं डेन्मार्कच्या योहान फोर्खहॅमर यांनी. वीसेक वर्षं ते येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांवरच्या दर्यावर्दींकडून जगभरच्या समुद्रांचं पाणी बाटल्यांतून मागवत राहिले आणि 1865 साली त्यांनी निष्कर्ष मांडले. मला त्यातला एकच मुद्दा सांगायचाय, कारण तो वाचून मी पुस्तक मिटून बसलो होतो. नद्या समुद्रात चुना भरपूर आणतात, सोडियम त्या मानानं कमी. मग समुद्रात चुना इतका थोडा का? फोर्खहॅमर म्हणाले, समुद्रात काय किती उरेल हे नदी किती आणते यावर नव्हे, तर कोणता पदार्थ किती सहज पाण्यातून निघून जातो यावर ठरतं. आणि चुना काढून नेणारे कोण? शिंपले, कालवं, प्रवाळ आणि डोळ्यांना न दिसणारे असंख्य कवचधारी जीव. म्हणजे पाणी जिवांना घडवतं हे आहेच, पण जीवही पाणी घडवतात. किनाऱ्यावर तिसऱ्यांच्या शिंपल्यांचा ढीग दिसतो, तो समुद्रातून वजा झालेला चुना आहे.

याच सुमाराला दुसरा एक वाद चालू होता. खोल समुद्रात जीव आहेत की नाहीत? एडवर्ड फोर्ब्स हे ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञ 1841-42 मध्ये एजियन समुद्रात जाळी ओढत हिंडले. जितकं खोल जावं तितके प्राणी कमी कमी होत गेले. त्यावरून त्यांनी अंदाज बांधला, की साधारण तीनशे वाव, म्हणजे साडेपाचशे मीटरखाली जीवसृष्टी नसावी. तिथे अंधार, थंडी आणि पाण्याचा प्रचंड दाब. दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो, मग हजार मीटरवर कोण तगेल? तर्क चुकीचा वाटत नाही. पण 1860 मध्ये भूमध्य समुद्रात तुटलेली तारायंत्राची केबल दुरुस्तीसाठी वर काढली. ती दोन हजार मीटरच्या खोलीवर पडलेली होती आणि तिला प्रवाळ आणि शिंपले चिकटून वाढलेले होते. केबल टाकताना ते असणं शक्य नव्हतं. ते तिथेच वाढले. दाबाचं कोडंही तसं साधंच. ज्याच्या अंगात हवा कोंडलेली आहे त्याला दाब चिरडतो. ज्याच्या अंगात पाणीच आहे, त्याच्या आतला आणि बाहेरचा दाब सारखा. माशाच्या पोटातला वाताशय हवेचा असतो, म्हणून खोलातून झटकन वर ओढलेल्या माशाचं पोट तोंडातून बाहेर येतं, हे आपल्या मच्छीमारांनी पाहिलेलं आहे.

असले प्रश्न सोडवायला ब्रिटनचं ‘चॅलेंजर’ जहाज 21 डिसेंबर 1872 रोजी पोर्टस्मथहून निघालं आणि मे 1876 मध्ये परतलं. 68,890 सागरी मैलांचा प्रवास, 362 ठिकाणी तपासणी, आणि पुढे अहवालाचे 50 खंड. या मोहिमेची थोरवी पुष्कळ गायली गेली आहे, ती मी पुन्हा गात नाही. ‘चॅलेंजर’ आपल्याकडे आलंच नाही, हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाकडून ते निघून गेलं, एवढं मात्र लक्षात ठेवू या.

त्या जहाजावरची एक फजिती मला फार आवडते. अटलांटिकच्या तळाचा चिखल 1857 साली काढून मद्यार्कात जपून ठेवला होता. अकरा वर्षांनी टी. एच. हक्सले यांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर त्यात बुळबुळीत, जेलीसारखा पदार्थ दिसला. त्यांना वाटलं, हा सगळ्या जिवांचा आदिपदार्थ, समुद्राच्या तळावर पसरलेला. त्याला नावही दिलं, बॅथिबियस. डार्विनचं पुस्तक ताजं होतं, सगळे अशाच गोष्टीच्या शोधात होते. ‘चॅलेंजर’वरच्या मंडळींनी ताज्या चिखलात तो जीव शोध शोध शोधला. मिळेना. जहाजावरचे रसायनतज्ज्ञ जॉन यंग ब्यूकॅनन यांनी मग समुद्राच्या पाण्यात मद्यार्क ओतून पाहिला. जेली तयार! तो जीव नव्हताच. पाण्यातला कॅल्शियम आणि सल्फेट मद्यार्कामुळे साक्यासारखा खाली बसला होता; म्हणजे एक प्रकारचा जिप्सम. हक्सले यांनी 1875 मध्ये जाहीरपणे चूक कबूल केली. एवढा मोठा माणूस इतक्या मोकळेपणानं ‘चुकलो’ म्हणाला, याचं मला त्या शोधापेक्षा जास्त अप्रूप वाटतं. आपल्याकडे साध्या कविसंमेलनातही हे घडत नाही.

याच मोहिमेत असंही दिसलं, की मध्यम खोलीवर तळाशी सूक्ष्म जीवांच्या चुन्याच्या कवचांचा पांढुरका गाळ असतो, पण आणखी खोल गेलं की कवचं नाहीशी होतात आणि नुसती लाल माती उरते. वरून कवचांचा पाऊस तर सगळीकडे सारखाच. मग ती जातात कुठे? विरघळतात. खोलातलं पाणी थंड, दाब जास्त, त्यात विरलेला कार्बन डायऑक्साइड जास्त. असं पाणी चुना खातं. आज जग जो कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतं आहे, त्यातला मोठा वाटा समुद्र पिऊन टाकतो. आम्लता मोजण्याची पीएच ही पट्टी 1909 साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेनसेन यांनी काढली. तिच्यावर समुद्राच्या पृष्ठभागाचा आकडा औद्योगिक क्रांतीनंतर सुमारे 8.2 वरून 8.1 वर आला आहे. दशांश एकचा फरक ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण ही पट्टी गुणाकारानं चालते. आम्लता त्यात पाव हिश्शाहून अधिक वाढली. प्रवाळाला आणि कालवांना कवच बांधणं त्यानं जड जातं.

‘चॅलेंजर’नं आणलेल्या पाण्याच्या 77 नमुन्यांचं विश्लेषण ग्लासगोच्या विल्यम डिटमार यांनी केलं. ते 1884 साली प्रसिद्ध झालं आणि मार्सेट यांचं म्हणणं पक्कं झालं. एक घटक मोजा, बाकीचे आपोआप कळतील.

आता मासा या खाऱ्या पाण्यात राहतो कसा, ते पाहू. कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवलं की त्या पाणी सोडतात. समुद्रातल्या माशाचं नेमकं तसंच व्हायला हवं, कारण त्याच्या रक्तातले क्षार समुद्राच्या साधारण एक तृतीयांशच असतात. त्याच्या अंगातलं पाणी सतत बाहेर झिरपतं. भर समुद्रात मासा तहानलेला असतो! त्यावर त्याचा उपाय म्हणजे समुद्राचं पाणी पिणं आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकणं. होमर स्मिथ आणि अँसेल कीज या अमेरिकन शास्त्रज्ञांनी 1930च्या आसपास हे उलगडलं. नदीतल्या माशाचं सगळं उलटं. त्याच्या अंगात पाणी शिरत राहतं आणि त्याला ते उपसत बसावं लागतं. खाडीतली बोय दोन्ही करू शकते, म्हणून पावसाळ्यात खाडी गोडी झाली तरी ती टिकते.

शार्कची तऱ्हा आणखी वेगळी. आपली मुशी, मुंबईकडे जिला मोरी म्हणतात, ती रक्तात मीठ न वाढवता युरिया साठवते आणि आतबाहेरचा तोल सांभाळते. स्टेडेलर आणि फ्रेरिक्स या जर्मन संशोधकांना 1858 मध्ये तिच्या जातभाईंच्या अंगात हा युरिया सापडला. माझ्या नानीला त्याआधीच माहीत होता म्हणा, नाव माहीत नव्हतं इतकंच. मुशी जरा शिळी झाली की त्या युरियाचा अमोनिया होतो आणि घरभर दर्प सुटतो. नानी ती दोनतीन पाण्यांत धुऊन कोकम-हळद लावून ठेवायची. आंबटानं अमोनिया मरतो.

मिठाचं झालं. पण माशाला खायला कोण घालतं? समुद्रातली शेती म्हणजे वनस्पती-प्लवक, आणि तिलाही शेतकऱ्याच्या ओळखीचंच खत लागतं. नत्र आणि स्फुरद. आल्फ्रेड रेडफिल्ड यांनी 1934 साली दाखवलं, की प्लवकांच्या शरीरात नत्र आणि स्फुरद ज्या प्रमाणात असतात, जवळपास त्याच प्रमाणात ते खोल समुद्राच्या पाण्यातही असतात. पुढे ते प्रमाण सोळास एक असं स्थिरावलं. फोर्खहॅमर यांची गोष्ट पुन्हा वेगळ्या रूपात आली. पण अडचण अशी, की उजेड वर आणि खत खाली. मेलेले जीव तळाकडे जातात आणि खत तिथेच साठतं. ते वर आणायला वारा लागतो. आपल्याकडे तो नैर्ऋत्य मोसमी वारा. ‘मान्सून’ हा शब्दच अरबी ‘मौसिम’वरून आलेला, आणि त्या अरबस्तानाच्या किनाऱ्यावर हा वारा असा सुटतो की वरचं पाणी बाजूला सरतं आणि खालचं थंड, सकस पाणी वर येतं. आपल्या पश्चिम किनाऱ्यालाही कमीअधिक प्रमाणात हे घडतं. तारली आणि बांगडा यांची चंगळ त्यातूनच होते.

या चंगळीला एक काळी बाजू आहे. तिचा पहिला मोठा शोध इजिप्तच्या जहाजानं लावला. ‘चॅलेंजर’वरचे एक शास्त्रज्ञ जॉन मरे पुढे ख्रिसमस बेटावरच्या स्फुरदयुक्त खडकाच्या धंद्यात श्रीमंत झाले. त्यांनी मागे ठेवलेल्या पैशातून 1933-34 साली ‘मबाहिस’ हे इजिप्शियन जहाज अरबी समुद्रात आलं. प्रमुख होते सेमूर सेवेल, भारताच्या सागरी सर्वेक्षणात काम केलेले. जहाजावर इजिप्तचे हुसेन फौजी नावाचे डॉक्टर होते. त्यांनी या प्रवासावर अरबीत ‘आधुनिक सिंदबाद’ अशा अर्थाच्या नावाचं पुस्तक लिहिलं. सिंदबादला या समुद्रात हत्ती उचलणारा पक्षी भेटला होता. या सिंदबादच्या जहाजाला भेटलं ते प्राणवायू नसलेलं पाणी. शंभर-दीडशे मीटरपासून हजार मीटरच्या पुढेपर्यंत प्राणवायू जवळजवळ नाहीच. काही ठिकाणी तळावरून वर आलेल्या जाळीत जिवंत काही नाही, आणि चिखलाला कुजक्या अंड्यांचा वास.

कारण त्याच चंगळीत आहे. वर प्लवकांचं उदंड पीक येतं, ते मरून खाली जातं, कुजताना प्राणवायू खातं. इतर महासागरांत ध्रुवाकडून थंड, प्राणवायूनं भरलेलं पाणी खालून येऊन भरपाई करतं. अरबी समुद्राच्या उत्तरेला जमीन आडवी आहे. दार बंद. भरपाई फार सावकाश होते. प्राणवायू संपला की जिवाणू नायट्रेटवर श्वास घेतात आणि नत्र वायुरूपानं उडून जातो. तोही संपला की सल्फेटवर, आणि त्यातून निघतो हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू. तोच तो कुजका वास. तरीही या थरात काही मासे दिवस काढतात. अंगावर दिव्यांच्या रांगा असलेले बोटाएवढे मासे दिवसा इथे शत्रूपासून लपून राहतात आणि रात्री खायला वर येतात.

हे पाणी खोलातच राहत नाही. 1959 साली ‘नेचर’ या नियतकालिकात मुंबईजवळच्या समुद्रावर एक निबंध आला. कॅरुदर्स, गोगटे, नायडू आणि लेवास्तू हे त्याचे लेखक. प्राणवायू कमी असलेला थर उतारावरून किनाऱ्याकडे कसा चढतो आणि मासेमारीवर त्याचा काय परिणाम होतो, हे त्यांनी मांडलं. त्याच वर्षी कार्ल बान्झे यांनी कोचीनकडच्या समुद्राविषयी तसंच लिहिलं. पावसाळ्याच्या शेवटी खालून हे गुदमरलेलं पाणी येतं आणि वर नद्यांचं, पावसाचं हलकं गोडं पाणी झाकणासारखं पसरतं. हवा आत जात नाही. तळाचे मासे पळतात. जे पळू शकत नाहीत ते मरतात.

माझ्या लहानपणी एका भाद्रपदात सकाळी पुळणीवर लहान-लहान मासे पडलेले मी पाहिले आहेत. आम्ही पोरं टोपल्या घेऊन धावलो, तर शेजारच्या तांडेलकाकांनी दटावलं, “अरे, हात लावू नका. खालचं पाणी वर आलंय.” नानीनंही त्या दिवशी चुलीवर मासा चढू दिला नाही. काकांनी ‘नेचर’ वाचलेलं नव्हतं, तसंच ‘नेचर’च्या लेखकांनी त्यांना विचारलं होतं की नाही, तेही मला माहीत नाही. विचारलं असेल तर बरं.

गोव्यात दोना पावला इथे असलेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था 1966 साली सुरू झाली. तिथल्या एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999च्या पावसाळ्याच्या अखेरीस पश्चिम किनाऱ्यालगत प्राणवायू पार संपलेला आणि पाण्यात हायड्रोजन सल्फाइड साठलेला पाहिला. 2000 साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. नायट्रस ऑक्साइड हा हवा तापवणारा वायूही तिथून मोठ्या प्रमाणात निघत होता. शेतांतून वाहून येणाऱ्या खतांचा यात वाटा किती आणि निसर्गाच्या जुन्या खोडीचा किती, यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. मला विचाराल तर खत वाहून येणं थांबवायला एकमताची वाट पाहायची गरज नाही. आणि समुद्र तापतो आहे याविषयी मात्र वाद उरलेला नाही. कोमट पाण्यात प्राणवायू कमी मावतो. शिवाय वरचं गरम पाणी हलकं होऊन तरंगत राहतं, खालच्यात मिसळत नाही.

समुद्र तापतो आहे हे कळलं कशावरून? अनेक गोष्टींवरून, पण शंभर-दीडशे वर्षांमागचा आकडा हवा असेल तर जहाजांच्या जुन्या वह्यांवरूनच. म्हणजे त्या बालद्यांवरून. कॅनव्हासच्या बालदीतलं पाणी वर ओढेपर्यंत वाऱ्यानं किंचित थंड होतं, म्हणून शास्त्रज्ञ त्या आकड्यांत दुरुस्ती करतात. बालदी कोणत्या कापडाची, दोर ओढायला किती वेळ लागला, याचेही हिशेब त्यांनी मांडले आहेत. हे मी बाबांना सांगितलं तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, “वारा असला तर लवकर ओढावी लागायची, नाहीतर अर्धी सांडायची.”

ते गेल्यावर त्यांची नळी माझ्याकडे आली. खलाशाच्या दाखल्याच्या पुस्तिकेला आमच्याकडे नळी म्हणतात. त्यात जहाजांची नावं आहेत, चढल्या-उतरल्याच्या तारखा आहेत, आणि प्रत्येक सफरीपुढे काम आणि वर्तणुकीच्या रकान्यात ‘व्हेरी गुड’ असा शिक्का आहे. पाणी काढल्याची नोंद त्यात नाही. ती जहाजाच्या वहीत असणार. तारीख, वेळ, अक्षांश, रेखांश, तापमान आणि खाली अधिकाऱ्याची सही.